व्याह्यांनी तोललेला अडॅप्टर

हातात तोलून पाहिल्याशिवाय या जगातली कोणतीही वस्तू खरी मानायची नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. टरबूज, नारळ, कांदे कोणीही तोलून घेतं. आमचे व्याही चष्म्याची काच तोलतात, चपलेचा एक पाय तोलतात, औषधाच्या गोळ्यांची पट्टी तोलतात आणि "आजार त एवढा मोठा सांगतला, आन गोळी पाहा कशी पिसासारखी," असं म्हणून डॉक्टरकडे संशयाने बघतात. लग्नपत्रिका आली की ती उघडायच्या आधी तळहातावर ठेवून डोळे मिटतात. "पत्रिका हलकी हाये जी. जेवनात बुंदी राहीन, पन तूप नाई राहनार." आपण लग्नाला जाऊन पाहावं तर बुंदी असते आणि तूप खरोखरच नसतं. त्यामुळे त्यांना कोणी काही बोलू शकत नाही.

त्यांचं घर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेपासून थोडं आत. घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा पितळी भांड्यांचा धंदा. पितळेचं भांडं वजनावर विकलं जातं, आणि तराजू खोटं बोलला तरी हात बोलत नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. तोलून झालं की दुसरी परीक्षा टिचकीची. बोटाच्या पेराने भांड्याला टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा आणि आवाज विरेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. आता घरोघरी स्टील आणि प्लॅस्टिक आलं. लग्नसराईत कोणी रुखवतासाठी पाण्याचा पितळी गुंड किंवा परात मागितली तरच दुकानाचं शटर वर जातं. पण हाताची सवय दुकानाबरोबर बंद होत नाही. आमच्या मुलीला पाहायला ते लाखांदूरला आले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी शेजारणीचं पितळी तबक आणून त्यात पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या. व्याह्यांनी बशा बाजूला काढल्या, तबक उचललं, तोललं, टिचकी मारली आणि म्हणाले, "माल भरीव हाये. आमच्याकडून पक्कं समजा." त्याच वेळी शेजारीण तबक परत मागायला दारात येऊन उभी होती. मुलीच्या शिक्षणावर लग्न ठरलं असं आमच्या घरात सगळे मानतात. मी तिथे बसलो होतो, मला माहीत आहे.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी लाखांदुरात जन्मभर विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम मी झोपेतही सांगतो. घरातला फ्यूज गेला की मात्र मी टॉर्च धरतो आणि बायको तार बांधते. टॉर्चही मला नीट धरता येत नाही, असं तिचं मत आहे. तरी वीज, उष्णता, प्रकाश असा कोणताही विषय निघाला की गावात माणसं माझ्याकडे बघतात, आणि कोणी आपल्याकडे बघितलं की गप्प बसणं मला जमत नाही. व्याह्यांचा तर माझ्या विद्येवर गाढ विश्वास. त्यांचा हात आणि माझं डोकं एकत्र आलं तर जगात आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं ते चारचौघांत सांगत, आणि मीही मान खाली घालून विनयाने हसत असे.

मुलगी आणि जावई इंग्लंडात, लीड्सला. मुलीला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरलं. खरं तर जायला हवं होतं व्याह्यांनी. पहिलं नातवंड, आणि मुलगा त्यांचा एकुलता एक. पण विहीणबाईंचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा त्यांना भंडाऱ्याला न्यायचं, सुई टोचल्यापासून निघेपर्यंत शेजारी बसायचं आणि परत आणायचं, हे काम व्याही दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. त्यामुळे परदेशाचा विषय निघाला तेव्हा ते एकदाच बोलले. (आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.) "तुमी जाऊन राह्यले त समजा मीच जाऊन राह्यलो. फकत एक करा इवाई. तुमचा फोन बंद नाई पडला पायजे. लेकराचं तोंड मले तुमच्याच फोनातून दिसन."

जावयाच्या फोनातून का नाही, असं कोणी विचारेल. तर बापलेकांचं बोलणं जवळजवळ नव्हतंच. भांडण झालं होतं असं नाही. भांडण झालं असतं तर निदान त्या निमित्ताने तरी बोलले असते. मुलगा कॉम्प्युटरकडे वळला, दुकान बापाकडे राहिलं आणि मधले विषय संपले. मुलगा रविवारी आईला फोन करी. बाप दुसऱ्या खोलीतून ओरडून विचारी, "तब्येत बरी हाये का म्हना त्याची." आई विचारी, उत्तर सांगे, आणि बाप बरं म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागे. नातवंडाचं तोंड असं दुसऱ्या खोलीतून ओरडून पाहता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी माझा फोन धरला होता. मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला.

मग जावयाने तिकडच्या भिंतीतल्या सॉकेटचा फोटो पाठवला. चौकोनी भोकं, दोन खाली आणि एक वर. फोटो पाहून व्याही म्हणाले, "हे काहून असं तोंड वासून राह्यलं?" आपल्या चार्जरच्या गोल पिना त्यात जाणार नव्हत्या. मी लगेच खुर्ची पुढे ओढली आणि व्याख्यान दिलं. आपला आणि त्यांचा वीजदाब जवळपास सारखाच, तेव्हा दाब बदलायचं यंत्र नको, फक्त पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर हवा. हे विधान अगदी बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात मी केलेलं तेवढंच एक बरोबर विधान, आणि दुकानात पोचेपर्यंत मी ते विसरलो.

भंडाऱ्याच्या बाजारात आम्ही एका मोबाइलच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने आधी एक लहानसा पांढरा अडॅप्टर काढला. "सर, हा घ्या. आत फ्यूज हाये, जास्तीचा फ्यूज सोबत हाये, किती अँपिअरचा ते पाठीवर लिहिलं हाये." पाठीवरची अक्षरं इतकी बारीक होती की खिशातून चष्मा काढून ती वाचणं माझ्या प्रतिष्ठेला शोभलं नसतं. मी नुसती मान हलवली. बायकोने निघताना बजावलं होतं की बाळंतिणीचे लाडू करायला आपला मिक्सर न्यायचा आहे, तो यावर चालेल का ते विचारून या. मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "मोबाइल, लॅपटॉप आरामात चालते. मिक्सर, इस्त्री याच्यावर लावाचंच नाई सर, गरम होते." व्याह्यांनी अडॅप्टर हातावर घेतला, डोळे मिटले आणि उघडले. "आत कापूस भरला हाये काय जी?"

मग दुकानदाराने नाखुशीनेच दुसरा काढला. काळा, चांगला मुठीएवढा, निळा दिवा लागणारा, बाजूचे खटके सरकवले की कोणत्याही देशाच्या पिना बाहेर येणारा, आणि वर पांढऱ्यापेक्षा स्वस्त. तो तळहातावर येताच व्याह्यांचा हात किंचित खाली गेला आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं. "याले म्हनतेत माल! याच्यावर मिक्सर काय, पिठाची गिरनी चालन." दुकानदार म्हणाला, "काका, वजनावर नका जाऊ," तेव्हा त्यांनी त्याच्याकडे अत्यंत दयेने पाहिलं आणि मग माझ्याकडे. आता माझं मत अपेक्षित होतं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही माझ्याकडे बघत होती. मी अडॅप्टर हातात घेतला आणि म्हणालो, "वजन आहे म्हणजे आत तांबं आहे. तांबं आहे म्हणजे ट्रान्सफॉर्मर आहे."

"पन ट्रान्सफॉर्मर त नको म्हनत होते ना तुमी?" व्याह्यांनी भाबडेपणाने विचारलं.

"असलेला बरा," मी म्हणालो.

असा आम्ही तो काळा अडॅप्टर घेऊन शहापूरला आलो. विहीणबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जरा हुशारी असते. व्याह्यांनी अडॅप्टर त्यांच्यापुढे धरला आणि टिचकीची परीक्षा घेतली. टिचकी मारताच आतून खुळखुळ असा आवाज आला. त्यांनी कान जवळ नेऊन पुन्हा मारली. पुन्हा खुळखुळ. विहीणबाई म्हणाल्या, "अगोबाई, लेकरासाठी खुळखुळा आतापासूनच आनला का इवाई?" व्याही माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो की विजेच्या वस्तूंत आत थोडी मोकळी जागा ठेवतात, उष्णतेने धातू प्रसरण पावतो. हे ऐकून विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या शिकलेल्या चौथी, पण हसण्याची वेळ त्यांना बरोबर कळते.

शेवटी व्याह्यांनीच स्क्रू काढले. आत तांबं नव्हतं, ट्रान्सफॉर्मर नव्हता, फ्यूज तर नव्हताच. केसासारख्या दोन तारा होत्या आणि गोंदाने चिकटवलेली एक लोखंडाची चकती होती, ती गोंद सुटून आत हिंडत होती. तिला विजेशी काहीच कर्तव्य नव्हतं. आमच्या व्याह्यांसारख्या माणसाच्या हाताला बरं वाटावं एवढ्यासाठीच कोणीतरी ती तिथे बसवली होती. तिला पाहून मला प्रसरणाबद्दलचं माझं वाक्य आठवलं आणि मी खिडकीबाहेरच्या निंबाकडे बघत राहिलो.

व्याह्यांनी चकती उचलून हातात घेतली. पण तोलली नाही. "माह्या हातानं फसवलं मले," एवढंच म्हणाले आणि उठून परसात गेले. मी त्यांना इतकं हिरमुसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक येईना तेव्हाही नाही. माझंही विज्ञान त्याच डबीत उघडं पडलं होतं, पण मला अशी सवय आहे. वर्गातल्या पोरांनी माझे प्रयोग जन्मभर फसताना पाहिले. व्याह्यांचा हात मात्र पहिल्यांदाच फसला होता, तोही नातवंडाचं तोंड पाहायच्या कामात.

त्यानंतरच्या दिवसांत विहीणबाईंचा आमच्या घरी फोन आला. आवाज काळजीचा. "इहीनबाई, यायनं काल वांगे तोलून न पाहताच पिशवीत टाकले. चहाचा कप सरळ तोंडाले लावला. माहं सोडा, यायलेच दवाखान्यात न्या लागते का आता?" बायकोने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं होतं जी ट्रान्सफॉर्मर म्हनून सांगाले?" मी दुसरा अडॅप्टर आणायला भंडाऱ्याला जाण्याबद्दल दोनदा बोललो, पण खरं सांगतो, त्या दुकानदाराला तोंड दाखवायची माझी छाती होत नव्हती. जाण्याचा दिवस आला तरी आमच्याकडे अडॅप्टर नव्हता. विमानतळावर घेऊ, असं मी बायकोला सांगत होतो आणि ती लाडवांचे डबे बांधत होती. मिक्सर घरीच राहिला.

आमची गाडी सकाळी नागपूरकडे निघाली. शहापूरच्या थांब्यावर व्याही उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. गाडी थांबताच त्यांनी रुमाल सोडला. आत पांढरा अडॅप्टर होता. तोच, कापूस भरलेला.

"त्याच दुकानातून आनला. त्यानं काई म्हटलं नाई, चहा पाजला," ते म्हणाले. मग खिडकीत वाकून सांगू लागले, आणि त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. "पोराले फोन केला मी."

"तुम्ही?"

"मीच. म्हटलं, बाबू, मले हे कसं पाहाचं ते सांग. त्यानं समदं सांगतलं. फ्यूज हाये का पाहा, किती अँपिअर लिवलं ते वाचा, पिन सॉकेटात ढिली नाई बसली पायजे, ढिली असली का ठिणगी उडते. हलका असला तं घाबरू नोका म्हने, आत कामापुरतंच राह्यते. आन म्हने, बाबा, पिना पितळेच्या पायजेत, ते मले नाई समजनार, तुमीच पाहा." त्यांनी अडॅप्टर उलटा केला. एका पिनेवर चाकूने बारीकशी रेघ मारली होती. वरचा चकचकीत थर निघून खाली पिवळं दिसत होतं. "खरी पितळ हाये. भरीव. अर्धा घंटा बोलला जी पोट्टा. माह्याशी."

मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागला. बायकोने अडॅप्टर त्यांच्या हातून घेऊन पर्समध्ये पासपोर्टांशेजारी ठेवला. नागपूर येईपर्यंत ती मधून मधून पर्स चाचपत होती.

लीड्सला पोचल्यावर चहा करायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावरच्या सॉकेटला चौकोनी भोकांशेजारी मोबाइलची वायर सरळ लावता येईल अशी आणखी दोन भोकं होती. चमचा शोधताना खण उघडला तर त्यात अडॅप्टरच अडॅप्टर. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकेक मागे ठेवलेला. मी बायकोच्या पर्समधला पांढरा काढून जावयासमोर धरला. विज्ञानाचा शिक्षक असूनही मला हे विचारायचं सुचलं नव्हतं, याची लाज लपवायला मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "अरे, घरात एवढे असताना आम्हाला सांगितलं का नाहीस?"

जावई सिंकपाशी उभा होता. त्याने हातातला कप विसळून ठेवला. मग म्हणाला, "हे खणातले मला नंतर आठवले, सांगणारच होतो. पण तेवढ्यात शहापूरहून आमच्या बाबांचा फोन आला. त्यांनी मला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच विचारत होते. घरात आहे म्हणालो असतो तर फोन तिथेच संपला असता." एवढं बोलून त्याने नळ सोडला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला.

मुलगी झाली. माझा फोन पूर्ण भरलेला होता. घरात पाच अडॅप्टर असताना मी तो पांढऱ्यावरच भरला होता, आणि जावयानेच तो सॉकेटमध्ये दाबून, हलवून पाहिला होता. शब्द दिल्याप्रमाणे मी फोन बाळाच्या तोंडासमोर धरला. टॉर्चप्रमाणे फोनही मला नीट धरता येत नसल्यामुळे व्याह्यांना आधी छत, मग नर्सचा खांदा आणि मग माझा अंगठा दिसला. "इवाई, अंगठा काढा ना जी," असा आवाज आला. मी अंगठा काढला. पडद्यावर ते दोघं एकाच उशीवर वाकून बघत होते. विहीणबाईंच्या हाताला पट्टी होती, त्याच दिवशी डायलिसिस झालं असणार. व्याह्यांनी विचारलं, "वजन किती हाये?" नर्सने सांगितलेलं मी सांगितलं. त्यांनी आपला रिकामा तळहात वर धरला, डोळे मिटले आणि हात किंचित खाली नेला. तेवढ्यात जावयाने माझ्या हातून फोन घेतला आणि बोलत बोलत व्हरांड्यात निघून गेला. त्याने परत दिला तेव्हा फोन गरम झाला होता आणि बंद पडला होता.

आम्ही परत आलो तेव्हा धानाची कापणी सुरू झाली होती. दुसऱ्याच दिवशी मी शहापूरला गेलो. नातीचं कौतुक सांगून झालं, फोटो दाखवून झाले. मग व्याह्यांनी विचारलं, "अडॅप्टर कामी आला का जी?"

"त्याच्याशिवाय जमलंच नसतं," मी म्हणालो. खणातले पाच अडॅप्टर डोळ्यांसमोर असूनही हे सांगताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. मग मी पिशवीतून तो काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि नेहमीप्रमाणे विचार न करता बोलून गेलो, "हा तुमच्याकडेच असू द्या. तुम्ही जाल तेव्हा कामी येईल."

व्याह्यांनी तो हातात घेतला नाही. आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत विहीणबाई फोनवर नातीला काहीतरी सांगत होत्या, आणि पलीकडून जावयाचं हसणं ऐकू येत होतं. "तुमच्याजवळच राहू द्या जी," ते हळू आवाजात म्हणाले. "हिच्यापाशी बसाचं हाये तवरच बरं हाये. मले जाता येईन अशी येळ नाई आली पायजे."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मला जरा उशिराच कळला. मी अडॅप्टर पुन्हा पिशवीत ठेवला. आत विहीणबाई नातीला लाडाची नावं ठेवत होत्या, आणि आम्ही दोघं बाहेर ऐकत बसलो.